“मला आता घरी जायचंय” : म्हातारपण, ख्रिस्ती श्रद्धा आणि पुढे बघणं

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा लोकलमध्ये रेंज गेल्यामुळे अर्धाच ऐकता आला, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना जे अघळपघळ झालं होतं ते थोडं आवरलंय, बाकी तसंच ठेवलंय.

या भागाचं निमित्त म्हणजे आलेला एक मेसेज. पाठवणारी मुलगी पुण्यात नोकरी करते, आजी गावी असते. आजी ब्याऐंशी वर्षांची, आयुष्यभर चर्चला जाणारी. मुलगी लिहिते, “आजी हल्ली फोनवर सारखी म्हणते की मला आता घरी जायचंय. ती तर घरीच आहे! आई म्हणते, तिची श्रद्धा आहे, तसंच बोलतात ती माणसं. मला मात्र वाटतं की ती खचलीये. यातलं खरं काय?”

प्रश्न चांगला आहे, आणि गंभीरही. कारण उत्तर चुकलं तर दोन्हीकडून नुकसान. श्रद्धेला आजार समजलात तर आजीचं बोलणं तोडलंत. आजाराला श्रद्धा समजलात तर तिला एकटं टाकलंत. मी स्वतः नगरकडच्या ख्रिस्ती घरात वाढलोय, त्यामुळे ही भाषा मी लहानपणापासून ऐकतोय. पण आपले बरेच श्रोते ख्रिस्ती नाहीत, म्हणून मुळापासून सांगतो.

आमच्याकडे कोणी गेलं की “वारले” म्हणतातच, पण “प्रभूमध्ये निजले” असंही म्हणतात. दफनभूमीतल्या जुन्या दगडांवर हेच कोरलेलं दिसतं. निजले, म्हणजे उठणार आहेत. इंग्रजीतला ‘सेमेटरी’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थसुद्धा झोपण्याची जागा असाच आहे. आणि “घरी जाणं” हाही असाच रुळलेला शब्दप्रयोग. ख्रिस्ती म्हातारी माणसं तो सहज वापरतात, जसं एखादे वारकरी आजोबा “आता पांडुरंग बोलावेल तेव्हा” म्हणतात. तेवढ्या वाक्यावरून घाबरण्याचं कारण नाही.

पण यात एक मोठा गैरसमज आहे, आणि तो ख्रिस्ती लोकांमध्येही आहे. बहुतेकांना वाटतं की ख्रिस्ती आशा म्हणजे मेल्यावर आत्मा ढगांवर जाणार, तिथे पांढरे कपडे, वीणा, संपलं. बायबल काय सांगतं ते जरा नीट बघा. तिथे शेवटची आशा आत्मा सुटण्याची नाही, शरीर उठण्याची आहे. पुनरुत्थान. येशू पुन्हा जिवंत झाला ही जी गोष्ट शुभवर्तमानांत येते, त्यात तो भुतासारखा तरंगत नाही. लूकच्या शुभवर्तमानात शिष्य घाबरतात तेव्हा तो त्यांच्यासमोर भाजलेला मासा खातो. योहानाच्या शुभवर्तमानात तर तो तळ्याकाठी कोळशावर मासे भाजून शिष्यांना न्याहारीला बोलावतो. (कोकणातल्या श्रोत्यांना हा देव लगेच आपला वाटेल.) आणि त्याच्या हातांवरच्या जखमा तशाच आहेत. थोमाला तो त्या दाखवतो. म्हणजे पुसून नवं केलेलं असं काही नाही. जे भोगलं ते सोबत घेऊनच नवं.

आता बायबलच्या अगदी शेवटी जा, प्रकटीकरणाच्या पुस्तकात. तिथे शेवटचं चित्र काय आहे? बाग नाही, ढग नाहीत. शहर आहे. आणि माणसं वर जात नाहीत, शहर खाली येतं. नवं आकाश, नवी पृथ्वी, आणि ज्याच्या वेशी कधीच बंद होत नाहीत असं नगर. त्यात राष्ट्रं आपलं वैभव घेऊन येतात असं म्हटलंय.

हे सगळं मी का सांगतोय? कारण म्हातारपणी पुढे बघायचं म्हणजे कशाकडे बघायचं, याचं उत्तर यावर ठरतं. सगळं टाकून उडून जायचं असेल, तर ऐंशीव्या वर्षी काही करण्यात अर्थ नाही. बॅग भरून स्टेशनवर बसायचं, बस. पण याच पृथ्वीचं काहीतरी नवं होणार असेल, तर आत्ता लावलेलं झाड, लिहिलेलं पान, शिकवलेलं पोर, यातलं काहीच वाया जात नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला पुनरुत्थानावर एवढं मोठं प्रकरण लिहिलं. ते संपवताना तो “म्हणून आता निवांत राहा” असं म्हणत नाही. म्हणून कामाला लागा, तुमचे श्रम फुकट नाहीत, अशा अर्थाचं म्हणतो. मला तो “म्हणून” फार महत्त्वाचा वाटतो.

याचं एक भारी उदाहरण जुन्या करारात आहे. यिर्मया संदेष्टा. चाळीसेक वर्षं लोकांना ओरडून सांगून दमलेला माणूस. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलाय, शहर पडणार हे तो स्वतःच सांगतोय, आणि ते सांगितल्याबद्दल राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात डांबलंय. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ येतो आणि म्हणतो, अनाथोथचं आपलं शेत विकत घे. आता विचार करा, शत्रूच्या ताब्यात जाणारी जमीन कोण घेईल? यिर्मया घेतो. सतरा शेकेल चांदी तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखत करतो, आणि ते मातीच्या मडक्यात ठेवायला लावतो, खूप दिवस टिकावं म्हणून. सातबारा मडक्यात! त्याला पक्कं माहीत आहे की लोक परत येईपर्यंत सत्तर वर्षं जातील, तो स्वतः काही ते शेत कसणार नाही. तरी कागद रीतसर झाला पाहिजे.

ख्रिस्ती लोक ‘आशा’ म्हणतात ती ही. “सगळं छान होईल” असं म्हणणं वेगळं, तो स्वभाव झाला. काहींचा असतो, काहींचा नसतो. आशा म्हणजे शहर पडतंय हे मान्य करून खरेदीखत करणं.

आपल्याकडच्या दोन बायका सांगतो, म्हणजे हे सगळं फार परदेशी वाटणार नाही.

लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’चा उतारा शाळेत वाचला असेल, तर जोडाक्षरांशी झालेली त्यांची मारामारी आठवत असेल. शाळेत न गेलेली बाई, नवऱ्याने घरी शिकवलं तेवढंच. नवरा म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक, कवी. ते १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे त्यांनीही स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. त्यापुढची कमी लोक सांगतात.

टिळकांनी येशूच्या जीवनावर ओवीबद्ध महाकाव्य लिहायला घेतलं होतं, ‘ख्रिस्तायन’. ९ मे १९१९ ला ते गेले, तेव्हा त्याचे सुरुवातीचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. गेलेल्या माणसाचं अर्धवट काम. बहुतेक घरांत अशी वही कपाटात जाते. लक्ष्मीबाईंनी ती बाहेर काढली आणि साठाहून जास्त अध्याय स्वतः लिहिले. जोडाक्षरांना घाबरणाऱ्या बाईने महाकाव्य पूर्णत्वाला नेलं! आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने छापून येऊ लागलं. तेव्हा त्या साठी ओलांडलेल्या होत्या. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या. म्हणजे आज मराठीतलं सर्वांत जिवंत आत्मचरित्र म्हणून आपण जे वाचतो, ते आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांतलं काम आहे. त्या काळात साठी म्हणजे आजची साठी नव्हे, हेही लक्षात घ्या.

आणि ते पुस्तक वाचताना मला सगळ्यात जास्त काय जाणवलं असेल, तर त्यातला विनोद. आठवणी सांगणारं पुस्तक आहे, म्हणजे मागे बघणारं. पण त्यात कुढणं नाही. नवऱ्याचा तापटपणा, घरातली ओढाताण, सोवळ्याची वर्षं, सगळं ती बाई हसत सांगते. ज्याला पुढची भीती नसते त्यालाच मागचं असं मोकळेपणाने सांगता येतं, असं माझं मत. पटलं नाही तर कळवा.

टिळकांबद्दलही एक ओळ. १९१७ मध्ये, पंचावन्न ओलांडल्यावर, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, येशूच्या अनुयायांचा, भारतीय वळणाचा, पगाराशिवायचा. हातात दोनच वर्षं होती, हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांची शारदासदन, मुक्तिसदन ही कामं सगळ्यांना ठाऊक असतात. पण केडगावला त्यांनी आयुष्याची शेवटची अनेक वर्षं बायबलच्या मराठी भाषांतरावर घालवली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. त्यांना संस्कृत येत होतं, पांडित्य होतं, ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या कलकत्त्याच्या विद्वानांनी दिल्या होत्या. पण भाषांतराची मराठी मात्र साधी ठेवायची असं त्यांनी ठरवलं. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला समजली पाहिजे म्हणून. ऐकू तरुणपणापासूनच कमी येत होतं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, चाळिशीत. जिच्यावर सगळं सोपवायचं होतं तीच आधी गेली. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तोपर्यंत भाषांतराचं काम हातावेगळं झालं होतं. संपूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये. त्यांनी ते बांधलेलं पुस्तक पाहिलं नाही.

मुलगी गेल्यावर रमाबाईंना काय वाटलं असेल याचा अंदाज मी बांधणार नाही. श्रद्धा असली म्हणजे दुखत नाही, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरीपाशी येशू रडला, आणि थोड्या वेळाने आपण त्याला उठवणार आहोत हे माहीत असून रडला. इथे मला चर्चमधल्या काही लोकांवर थोडं चिडायचंय. घरात मयत झाली की दुसऱ्याच दिवशी येऊन “रडू नका, ते चांगल्या ठिकाणी आहेत, देवाची इच्छा” असं सांगणारी माणसं असतात. हेतू चांगला असतो. पण म्हाताऱ्या माणसाचा पन्नास वर्षांचा जोडीदार गेलेला असतो हो. त्याला रडू द्या. आशा म्हणजे तोंडावर लावायची पट्टी नाही.

आता वळू या मेसेजमधल्या मूळ प्रश्नाकडे : श्रद्धा की खचणं?

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगून ठेवतो. पण बायबलमधलाच एक तपशील मला इथे फार उपयोगी वाटतो. तीमथ्याला लिहिलेलं पौलाच्या नावाचं दुसरं पत्र. लिहिणारा म्हातारा आहे, कैदेत आहे, शेवट जवळ आला हे त्याला कळलंय आणि तो ते स्पष्ट लिहितो. धाव पूर्ण झाली, आता मुकुट, अशी सगळी भव्य भाषा. आणि मग लगेच काही ओळींनी, येताना त्रोवसला राहिलेला माझा झगा घेऊन ये, आणि पुस्तकं, विशेषतः चर्मपत्रं. आणि हो, हिवाळ्याआधी ये.

म्हणजे बघा. मरायला तयार आहे, पण थंडी वाजतेय आणि वाचायचं राहिलंय. आणि अमुक माणसाला भेटायचंय.

माझ्या आजीचंही साधारण असंच आहे. ती एक्याऐंशीची. तिच्याकडे एक प्लॅस्टिकची फाइल आहे. तिच्यात बँकेचं पासबुक, आधारची झेरॉक्स, औषधांची चिठ्ठी, आणि एका कागदावर तिच्या अंत्यविधीला ‘उपासना संगीत’मधली कोणती गीतं म्हणायची त्यांचे क्रमांक. घरातले सगळे तो कागद निघाला की विषय बदलतात. काका तर उठून बाहेर जातात. मागच्या डिसेंबरात तिने मला बसवून तो कागद नव्याने लिहून घेतला, कारण आधीच्या कागदावरचं एक गीत “फार रडकं आहे, बदल” म्हणे. मग लगेच विचारलं, मोतीबिंदूचं दुसऱ्या डोळ्याचं कधी करायचं? महिला मंडळाची जानेवारीत सहल होती, तिला तिथलं धरण दिसायला हवं होतं.

फरक इथे शोधायचा असं मला वाटतं. “घरी जायचंय” म्हणणाऱ्या आजीला अजून काही हवंय का? चहात साखर कमी पडली तर ती बोलते का? कोणाचं लग्न ठरलं का विचारते का? शेजारणीशी भांडते का? (भांडण ही फार चांगली खूण आहे.) मग ती पुढे बघतेय, तिला बोलू द्या. पण जेवण सुटलंय, झोप उडालीये, चर्चला किंवा शेजारी जाणं बंद केलंय, आवडत्या माणसाचा फोनही नकोसा झालाय, “मी तुम्हाला ओझं झालेय” हे पुन्हा पुन्हा येतंय, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर ते “तसंच बोलतात ती माणसं” म्हणून सोडू नका. डॉक्टरांकडे न्या. म्हातारपणातलं नैराश्य उपचारांनी बरं होऊ शकतं, आणि थायरॉइड किंवा औषधांच्या परिणामांमुळेही माणूस असा मिटू शकतो. आणि ओळखीचं घर समोर असताना ती खरोखरच “हे माझं घर नाही” म्हणत असेल, माणसं ओळखत नसेल, तर तो स्मृतिभ्रंश असू शकतो. तेही तपासायला हवं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइनचा नंबर १४५६७. दोन्ही सेव्ह करून ठेवा.

डॉक्टरकडे जाणं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं नाही. लूक स्वतः वैद्य होता, असं नव्या करारातच आहे.

कॅथलिक श्रोत्यांसाठी एक गोष्ट. फादर घरी येऊन आजारी माणसाला तेल लावून प्रार्थना करतात, तो विधी अनेक घरांत अजूनही “आता शेवट” म्हणूनच समजला जातो. फादरना बोलवा म्हटलं की आजोबाच घाबरतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केलंय की तो फक्त अखेरच्या श्वासासाठी नाही. गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनआधी, म्हातारपणाने अशक्त झाल्यावर तो घेता येतो, आणि पुन्हाही घेता येतो. म्हणजे वेळेवर बोलवा.

आणि तरुणांनी काय करायचं? लूकच्या दुसऱ्या अध्यायात दोन म्हातारी माणसं येतात, शिमोन आणि हन्ना. हन्ना चौऱ्याऐंशीची विधवा. दोघंही आयुष्यभर कशाची तरी वाट बघतायत. बाळ येशूला मंदिरात आणतात तेव्हा शिमोन त्याला हातात घेतो आणि म्हणतो, आता मी सुखाने जातो. मला त्यात मरियेचं वागणं लक्षात राहतं. अनोळखी म्हातारा येऊन आपलं चाळीस दिवसांचं बाळ मागतो, आणि ती देते. वर तो तिला पुढे तुझं काळीज चिरलं जाईल असलं काहीतरी कठीण ऐकवतो, तेही ती ऐकून घेते. विषय बदलत नाही.

तुमच्या आजीने “घरी जायचंय” म्हटलं, तर “असं नको बोलू गं” म्हणण्याऐवजी विचारा : कसं असेल ते घर? कोण कोण भेटेल? कोणाला पहिलं भेटायचंय? माझ्या आजीने या प्रश्नाला आजोबांचं नाव घेतलं नाही. तिने घेतलं १९६०च्या आसपास गेलेल्या तिच्या दीड वर्षाच्या मुलीचं. त्या मुलीबद्दल घरात माझ्या पिढीला काहीच माहीत नव्हतं. नाव काय, केस कसे होते, कशाने गेली, सगळं तिने तासभर सांगितलं. मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवलंय, तिच्या परवानगीने. ते या पॉडकास्टवर येणार नाही, ते घरचं आहे. पण तुमच्या फोनमध्येही रेकॉर्डर आहे, एवढंच सांगतो.

वाचायचं असेल तर ‘स्मृतिचित्रे’ पासून सुरुवात करा. मूळ मराठी जड वाटलं तर शांता गोखल्यांचं इंग्रजी भाषांतर २०१७ मध्ये आलंय, पण खरं सांगू, लक्ष्मीबाईंची मराठी अजिबात जड नाही. विजया मेहतांनी त्यावर केलेला चित्रपट मिळाला तर जरूर बघा. पुढच्या भागात वसईला जाऊ या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो सत्तरी ओलांडल्यावर, २०२० मध्ये, उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले होते. त्यांच्या ‘सुबोध बायबल’च्या भाषेबद्दल बोलायचंय. वसईचं कोणी ऐकत असेल, तर तुमच्या बोलीत आजी-आजोबा ‘घरी जाणं’ याला काय म्हणतात ते व्हॉइस नोट करून पाठवा.